किस्सेवाले साब

“थांबा, थांबा! पुढचं सांगू नका.”

एवढं म्हणून ते उजवा पंजा असा पुढे धरायचे की बोलणारा अर्ध्या वाक्यात गप्प व्हायचा. एकदा हमीदभाई कचेरीत आपल्या मेव्हण्याच्या लग्नाची हकीकत सांगत होते. वरात दारात आलेली, वाजंत्री वाजताहेत, आणि नवरदेव घोड्यावरून उतरायलाच तयार नाही! आम्ही सगळे खुर्च्या ओढून जवळ सरकलो, तोच यांचा पंजा पुढे. “बस. एवढंच पाहिजे मला.”

हमीदभाई हिरमुसले. “अजी, असली मजा तो आगे है!” पण हे कानांवर हात ठेवून व्हरांड्यात निघून गेले. तो नवरदेव का उतरत नव्हता, ते आम्हाला त्यांच्या माघारीच ऐकावं लागलं.

हैदराबादच्या एका सरकारी कचेरीत आमची टेबलं शेजारीशेजारी होती. मराठीत कथा लिहिणारा आमच्यात तो एकच माणूस. ‘किस्सेवाले साब’ हे नाव हमीदभाईंनीच ठेवलं आणि शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसलं. घराणं परभणीकडचं, शेतकऱ्याचं. शाळा सगळी उर्दूतून झालेली. मराठी लिहायला ते आपले आपण शिकले. “लोकांची गोष्ट मला अर्धीच लागते,” असं ते म्हणत. “पुरी सांगितली तर मी काय करू? नक्कल?”

संध्याकाळी कचेरी सुटली की आम्ही सुलतान बाजारातून पायी निघायचो. माणसं बाजारात वस्तू बघतात, हे बोलणी ऐकायचे. कापडाच्या दुकानात दोन बायका साडीच्या रंगावरून हमरीतुमरीवर आल्या की हे अगदी खेटून उभे. दुकानदाराला वाटे गिऱ्हाईक आहे. तो यांच्यापुढे खणांचा ढीग टाकी. मग भिडेखातर एक खण घेणं आलंच. वहिनींची ट्रंक अशा खणांनी भरलेली होती. “यांची गोष्ट केव्हा सुरू झाली ते मला खणावरून कळतं,” वहिनी म्हणायच्या. “मागचा जांभळा खण, ती विहिरीची गोष्ट. हा पोपटी आणलाय, त्यातून अजून काही निघालेलं नाही.”

गौलीगुड्यात त्यांच्या दोन खोल्या आणि पुढे लहानसं अंगण होतं. रविवारी सकाळी मी जायचो तेव्हा ते अंगणात येरझाऱ्या घालत वहिनींना नवी गोष्ट वाचून दाखवत असायचे. वहिनी सुपात तांदूळ निवडत बसलेल्या. पलीकडच्या व्यंकम्मा भिंतीवरून डोकवायच्या. मराठी फारसं कळत नसूनही सगळ्यात आधी त्याच हसायच्या. पण यांचं लक्ष वहिनींच्या हातांकडे. हात थांबले तर गोष्ट जमली. निवडणं चालूच राहिलं तर हे कागद फाडून चुलीशी नेऊन ठेवत. मी एकदा म्हणालो, “अहो, चांगली होती की.” तर म्हणाले, “तुम्ही सज्जन माणूस आहात. तुमचं काय खरं?”

त्यांच्या समोरच्या घरात एक खाला, म्हणजे मावशी, राहायच्या. विधवा बाई, रजया शिवून पोट भरायच्या. एके दिवशी त्या वहिनींजवळ आपल्या धाकट्या बहिणीचं गाऱ्हाणं सांगत होत्या. आईच्या माघारी घरातली मोठी तांब्याची देग, म्हणजे लग्नाकार्याला बिर्याणी शिजवायचं ते भांडं, खालांनी ठेवून घेतली. त्यावरून बहीण रुसली, ती सिकंदराबादेत राहूनही कित्येक वर्षं खालांच्या दारात आली नाही. “फिर मैं क्या करी, मालूम?” खाला म्हणाल्या, आणि आतून हे पंजा पुढे करून धावत आले.

ती गोष्ट त्यांनी अगदी जीव ओतून लिहिली. खाला आजारी पडतात, बहीण धावत येते, दोघी गळ्यात गळा घालून रडतात, असा शेवट. त्या दिवशी वहिनींचे हात थांबलेच, वर पदरही डोळ्यांना लागला. गोष्ट पुण्याच्या एका मासिकाकडे गेली. तिथं छापून यावं ही त्यांची फार दिवसांची इच्छा. संपादकांचं उत्तर आलं : कथा उत्तम आहे, मात्र पात्रांची भाषा शुद्ध करून पाठवावी, मराठी कथेतली माणसं अशी बोलत नाहीत.

किस्सेवाल्यांनी ते पत्र दोन दिवस खिशात बाळगलं. मग खालांच्या तोंडचे सगळे दख्खनी ‘नक्को’ आणि ‘कायकू’ काढून टाकून नवी प्रत केली आणि अंगणात वाचायला उभे राहिले. मी होतो तिथं. वहिनींनी तांदूळ निवडता निवडता विचारलं, “ही कोण बाई? पुण्याची पाहुणी आलीय का कुणी खालांकडे?”

एवढे हसले ते, की ठसका लागला. नवी प्रत चुलीत गेली. जुनीच पुन्हा पाकिटात घातली, आणि पुण्याहून ती तितक्याच तत्परतेनं परत आली. शेवटी मराठवाड्यातल्या एका लहान मासिकानं ती जशीच्या तशी छापली. अंक घेऊन हे थेट खालांच्या दारात गेले आणि दख्खनीत सगळी गोष्ट सांगितली.

खालांचा चेहरा लालेलाल. “मेरी भैन रोती आती? कब्बी नै आती उने! तुम पहचानतेच नै उसको, और लिख बी डाले?”

त्या दिवसापासून खालांनी बोलणं टाकलं. वहिनींनी पाठवलेली भाजी भांड्यासकट परत आली. आणि आठवड्याभरानं एका सकाळी सगळ्या गल्लीनं पाहिलं : रिक्षात देग, देगीला कवटाळून खाला. जाता जाता यांच्या दाराकडे बघून ओरडल्या, “दिखातूं मैं, कैसा होता सो!”

दिवस गेले, खाला परतल्या नाहीत. किस्सेवाल्यांची अवस्था बघवत नव्हती. गल्लीच्या तोंडाशी जाऊन येणारी प्रत्येक रिक्षा निरखायचे. “माझ्या लिहिण्यानं त्या बाईचा पुन्हा अपमान झाला तर?” असं मला सारखं विचारायचे.

शेवटी एका दुपारी रिक्षा आली. देगही आली आणि देगीच्या दोन बाजूंना दोन बहिणी, तावातावानं भांडत. हे अनवाणीच धावले. “खाला, क्या हुआ? रोए क्या?”

“कौन रोता?” खाला म्हणाल्या. “दरवाजा खोली, मेरेकू देखीच नै. देगकू देखी और बोली, कल्हई कायकू नै करवाई? अम्मा की चीज का ये हाल?”

मग दोघी कल्हईवरून भांडल्या, कल्हईवाल्याला बोलावलं, त्याच्याशी मिळून भांडल्या, आणि देग चकचकीत झाल्यावर तीत जेवण रांधून बहिणीची सगळी आळी जेवू घातली. आता धाकटी बहीण इथं जेवण घालायला आली होती. किस्सेवाले खालांच्या ओट्यावर मटकन बसले. “हे मला सुचलं नसतं,” म्हणाले. “जन्मात सुचलं नसतं.” इतका खूष हरलेला माणूस तुम्ही पाहिला नसेल.

त्याच सुमारास राज्याची वाटणी झाली. मराठी जिल्हे मुंबई राज्याकडे निघाले, हैदराबाद आंध्रात राहिलं. कुणाला कुठं जायचं ते कचेरीनं विचारलं. आम्ही बहुतेक मराठी माणसं औरंगाबादकडे जायला तयार झालो. मी त्यांना परोपरीनं समजावलं. “तिकडे मासिकं आहेत, वाचक आहेत, तुमची कदर होईल. इथं उद्या मराठी वाचणारं कोण उरणार?”

“वाचणारे तिकडे आहेत, कबूल,” ते म्हणाले. “पण बोलणारे इकडे आहेत ना! तिकडे बसून मी खालांच्या तोंडी काय घालू?” आणि मग हलकेच, “कुणी वाचलं नाही तर वाईट वाटेल. ते सोसता येईल मला.”

ते तिथंच राहिले. अधूनमधून एखाद्या अंकात त्यांची कथा दिसे. पुढे त्यांच्या निधनाची बातमीही एका अंकातूनच कळली. ती वाचताना मला काचीगुडा स्टेशन आठवलं, आमची गाडी निघाली तो दिवस.

ते वहिनींना घेऊन मला पोचवायला आले होते. माझा हात हातात घेऊन, डोळे भरून, काहीतरी मोठं बोलायच्या बेतात होते. तेवढ्यात शेजारच्या डब्यापाशी एक म्हातारा आणि त्याची सून यांच्यात कोंबडी गाडीत न्यावी की नाही यावर वाद पेटला. त्यांचा हात माझ्या हातातून हळूच सुटला. शिट्टी झाली, गाडी हलली, मी खिडकीतून हाका मारत राहिलो. वहिनी हात हलवत होत्या, हसत होत्या, दुसऱ्या हातानं त्यांची बाही ओढत होत्या. आणि ते आमच्याकडे पाठ करून, मान जराशी तिरपी करून, त्या कोंबडीच्या अगदी जवळ सरकून उभे होते.