हत्तिणीचं तळं आणि घाटातली बारी

थायलंडला जाऊन हत्ती पाहिले असं सांगितलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "मजा आली असेल ना?" नाही आली. शिसारी आली, आणि ती अजून पुरती गेलेली नाही.

ॲग्रीच्या कॉलेजची सहल होती, तिला अभ्यासदौरा म्हणायचं. जुन्नर-आंबेगावची आम्ही पोरंपोरी आणि सोबत एक सर. माझं मन मात्र घरी होतं. हत्ती पाहायला गेलो त्याच दिवशी गावच्या यात्रेत आमचा खोंड पहिल्यांदा घाटात पळणार होता. घाट म्हणजे आमच्याकडची बैलगाडा शर्यतीची चढण, आणि बारी म्हणजे तिथली एक धाव. जन्मला तेव्हाच त्याची आई गेली, मी बाटलीनं दूध पाजून त्याला वाढवलेला. मी निघताना वडिलांनी, आमच्या आप्पांनी, सरळ सांगितलं होतं, "पळाला तर दावणीला ऱ्हाईल, न्हाई पळाला तर बाजार दाखवायचा. म्या काय पांजरपोळ न्हाई काढला." म्हणून सकाळपासून मी लेण्याद्रीच्या गणपतीला मनातल्या मनात विनवत होते, पळू दे रे बाबा त्याला.

हत्तींच्या आश्रमाच्या दारात भली मोठी पाटी होती: इथे हत्तीवर कुणी बसत नाही, इथले हत्ती सुखी आहेत. आत हिरवट पाण्याचं तळं, त्यावर लिदीचे गोळे तरंगताहेत, आणि त्यातच उभे राहून जगभरचे पाहुणे तोंडाला चिखल फासून खिदळताहेत. आमची मंडळीही उतरली. सरांनी मोरया म्हणत हत्तिणीच्या सोंडेला कुंकू लावलं. पुडी घरून आणली होती त्यांनी. माझी मैत्रीण हत्तिणीच्या पाया पडायला म्हणून काठावरच्या लिदीत गुडघे टेकून बसली, आणि उठताना तेच हात तिनं माझ्या खांद्यावर ठेवले. असल्या भक्तीची मला किळस येते.

हत्तीण म्हातारी होती. एक टोळी बाहेर पडली की दुसरी यायची आणि तिला पुन्हा पाण्यात बसवायचे. माहूत तिच्या कानाशी लाडानं हात ठेवून उभा. फोटोसाठी मी त्याच्या बाजूला गेले, तेव्हा मुठीतून डोकावणारं खिळ्याचं टोक दिसलं. त्यानं ते कानामागं दाबलं, हत्तिणीनं सोंड उचलली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कानामागं ओली जखम होती आणि तिच्यावर माशा बसल्या होत्या.

मी सरांना ते दाखवलं. "काय हलकट लोक आहेत," सर म्हणाले. "मुक्या जनावराला असं छळतात?" पोरांनी माहुताला अस्सल मराठीत शिव्या हासडल्या. त्याला काय कळणार, तो हसून मान डोलावत राहिला. मग जेवण आलं. माझ्या हाताला तळ्याचा वास येत होता, भाताचा घास काही तोंडात जाईना.

तेवढ्यात दादाचा, माझ्या थोरल्या भावाचा, व्हिडिओ कॉल आला. मागं ढोल, आणि सगळीकडं गुलाल. "पयला आला गं! लई पळाला!" वडील खोंडाच्या गळ्यात पडून रडत होते. मीही रडले. वाचला, राहिला, एवढंच डोक्यात होतं. पोरांनी माझ्याभोवती कोंडाळं करून शिट्ट्या मारल्या.

"आदी सुटतच नव्हता," दादा सांगायला लागला. "जुपला तर जागचा हलंना. आप्पा म्हनले, गेला आता बाजारात. मंग म्या त्याची शेपूट धरली आन् कचकन चावा घेतला. असा उधळला म्हनतेस!"

तो तोंडभरून हसला. त्याच्या कपाळावरचा गुलाल गुलाबी होता. दातांच्या फटींत होतं ते लालभडक होतं. ओठाला शेपटीचे केस चिकटले होते, ते त्यानं बाहीनं पुसले. सरांनी माझ्या खांद्यावरून वाकून म्हटलं, "शाब्बास रे पठ्ठ्या."

"खोंड दाखव," मी म्हणाले. त्यानं फोन फिरवला. खोंड तोंडाला फेस आणून मान खाली घालून उभा होता, शेपूट अंगापासून लांब धरून. मी त्याला हाक मारली. त्यानं मान वर केली नाही.

"आता घोर करू नगं," दादा म्हणाला. "आप्पा म्हनलेत, ह्याला मरंस्तवर इकायचा न्हाई. पुढल्या आठवड्यात दुसऱ्या घाटात धरलाय."

मी 'बरं झालं' म्हणाले, फोन ठेवला, आणि तळ्याच्या काठाला जाऊन ओकले.