मालिकेतला नवरा गेला

बाजारपेठेत ओट्यावर बसून मंगळसूत्रं गाठवणाऱ्या सुमनताई आज मणी ओवत नव्हत्या. ओवून तयार असलेले सर कात्रीने कापून काळे मणी ताटलीत सोडत होत्या. टपटप आवाज येत होता.

"अहो, चांगली नवी मंगळसूत्रं, कापताय कशाला?" मी विचारलं.

"त्या मालिकेतल्या सुनेचं डिझाइन आहे ना हे. परवा तिचा नवरा मारला त्यांनी. आता कुठली सवाष्ण हे गळ्यात घालंल?"

लग्नसराईभर प्रत्येक नवरीला हेच हवं होतं. लांब कुठेतरी, थंडगार खोलीत बसून, गोष्ट लांबवायला कुणीतरी एक मरण लिहितो आणि इथे ओटाच्या ओटा सुतकात जातो. आपण काय ल्यायचं तेही तिथेच ठरतं, कशाला भ्यायचं तेही. लिहिणाऱ्याला याचा पत्ताही नसेल.

सुमनताईंच्या डोक्यावरच्या फलकावर तोच मेलेला नवरा गोडेतेलाचा डबा हातात धरून हसत होता.

"तिचं दुसरं लग्न लावतील, तेव्हा पेटंल आमची चूल," त्या म्हणाल्या आणि पुढचा सर कात्रीत धरला.