गंजक्या पत्र्याचा रेडिओ

म्हाताऱ्या शिंप्याला डोळ्यांनी दगा दिला तेव्हा त्याने शिलाई मशीन मुलाच्या हवाली केलं आणि रेडिओ मांडीवर घेतला. दुपारी लांबच्या एका छोट्या केंद्रावर त्याची लेक बोलायची. तिचा फोन रोज यायचा, नाही असं नाही. पण फोनवर काय, "जेवलात का, गोळी घेतलीत का," की संपलं! रेडिओवर ती खळखळून हसायची, गोष्टी सांगायची, ऐकणाऱ्यांची फिरकी घ्यायची. ती खरी त्याची लेक.

आता नशीब बघा. गावाबाहेर एक प्रसारण केंद्र होतंच. त्याच्या शेजारी दुसरं उभं राहिलं आणि त्या दिवसापासून लेकीच्या जागी रेडिओत बाजार भरला. एकाचं गाणं, दुसऱ्याची साबणाची जाहिरात, दोन्ही एकदम, आणि त्यांच्याखाली कुठेतरी लेक. त्यात बातमी आली की लेकीचं केंद्र कायमचं बंद होणार. रविवारी तिचा शेवटचा कार्यक्रम.

"शेवटचं तरी नीट ऐकू दे गं," म्हातारा सुनेला म्हणाला.

सुनेला, कारण सून गावाबाहेरच्या त्या जुन्या केंद्रात तंत्रज्ञ होती. गल्लीतल्या बायका तिला 'खांबवाली' म्हणून चिडवायच्या आणि घरचा फ्यूज उडाला की तिच्याच दारात उभ्या राहायच्या. बोलायला फटकळ, पण हातात घेतलेलं काम अर्ध्यावर टाकणं तिला जमायचंच नाही.

आधी तिने नव्या केंद्राच्या इंजिनिअरला फैलावर घेतलं. "तुमचा कचरा आमच्या घरात येतोय!" तो बिचारा म्हणाला, "ताई, या ना, दोघं मिळून बघू." बघितलं. दोन्हीकडची यंत्रं धुतल्या तांदळासारखी निघाली. मग दोघांच्याही डोक्यात एकदमच प्रकाश पडला. लोखंड! दोन्ही केंद्रांच्या लहरी जवळपासच्या एखाद्या गंजक्या, सैल सांध्यात शिरल्या की तिथे मिसळतात आणि रेडिओच्या पट्टीवर तिसऱ्याच जागी उमटतात. ती तिसरी जागा नेमकी नणंदेची.

झालं. रोज काम सुटलं की बाई कानाशी छोटा ट्रान्झिस्टर धरून, गोंगाट कुठे वाढतो ते ऐकत कुंपणं, जाळ्या, फाटकं ठोकत निघायची. लोक म्हणाले, डोक्यावर परिणाम झालाय. कुंपणाचा एक सांधा सापडलाही. तो तिने घासला, आवळला, पण घरचा गोंधळ जसाच्या तसा. आणि गंमत सांगू? गल्लीच्या तोंडाशी आली की ती ट्रान्झिस्टर बंद करायची. घरात ऑफिस नको, हा तिचा नियम. त्यामुळे सगळं गाव ठोकून झालं, घर तेवढं राहिलं.

रविवारी दुपारी धावतपळत परतताना बंद करायचं राहून गेलं. दारात पाऊल टाकलं आणि ट्रान्झिस्टर बोंबलायलाच लागला. तिने कपाळावर हात मारला.

"अहो बाबा, चोर आपल्याच डोक्यावर बसलाय!"

दारावरचा पत्रा एका लोखंडी पाइपवर टेकला होता, तो सांधा पार गंजलेला. तिने शिडी लावली, पाना फिरवला, तर बोल्ट तुटून हातातच आला. पत्रा सुटला, गोंगाट दुप्पट झाला. तिकडे कार्यक्रम सुरू झालेला. हाक मारावी तर नवरा दुकानात. तिने वैतागून पत्रा पाइपवर जोरात दाबला मात्र, गाणं गेलं, साबण गेला आणि आतून लेक बोलायला लागली. हात सैल केला की पुन्हा बाजार.

मग काय, ती तशीच उभी राहिली. वर ऊन, तापलेला पत्रा, तळव्याखाली एक फडकं. म्हातारा रेडिओ घेऊन चाचपडत बाहेर आला.

"उतर गं पोरी. ऐकलं मी पोटभर."

"खोटं बोलू नका बाबा. अजून बोलतेय ती."

"अगं, हात भाजेल!"

"गप्प बसून ऐका हो!"

सासऱ्याला असं कुणी दरडावतं का? पण म्हाताऱ्याने मानलं. रेडिओ पायरीवर ठेवून त्याने दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली आणि लेकीचा निरोप शेवटच्या शब्दापर्यंत ऐकला. रडला, तेही अगदी मोकळेपणाने.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. "बाबा, ऐकू आलं का?"

"शब्द न् शब्द."

"वहिनीला द्या ना फोन."

"थांब. तिचा हात वर उचलला जात नाहीये. मीच धरतो तिच्या कानाशी. बोला किती बोलायचं ते."