बादलीतला सेन्सर आणि निवृत्ती आण्णा

निवृत्ती आण्णा काल गेले. कारखान्याने पाठवलेला हार मी त्यांच्या दारातूनच परत पाठवला.

आण्णांच्या बायकोने, वहिनींनी, विचारलं, कावून परत केला? त्याचं उत्तर इथं लिहितो.

आण्णा वडवणीकडचे. शिक्षण दहावी. आमच्या सहकारी साखर कारखान्यात सांडपाण्याच्या प्लांटवर ऑपरेटर. मी तिथंच लॅब केमिस्ट.

प्लांट म्हणजे काय, तर दोन टाक्या आणि एक बंद मोटार.
घाण पाणी सरळ ओढ्यात.

ओढ्याच्या खालच्या वस्तीवर हापशाला तपकिरी पाणी यायचं. त्या वस्तीत आण्णांची सख्खी बहीण राहायची. तिच्याकडं गेले की आण्णा चहा पीत नसत.

आण्णा कित्येक वर्षं एकच गोष्ट सांगत होते. "साहेब, पाणी उसातच हाय. रस आटवताना त्याची वाफ व्हती, ती आपुन गार करून फेकून देतो अन् धरणाकडं हात पसरतो."

एमडींनी त्यांना एकदा केबिनमधून अक्षरशः हाकललं होतं.

मग प्रदूषण मंडळाची नोटीस आली.

ओढ्यात थेंब सोडायचा नाही. धरणाचं पाणी कमी घ्यायचं. पाणी बाहेर पडतं तिथं त्याची घाण मोजून मंडळाला कळवणारं ऑनलाइन मीटर बसवायचं. नाहीतर गाळप बंद.

चेअरमननी मीटिंगमध्ये अर्धा तास मंडळाला शिव्या घातल्या. म्हणे असल्या नियमांनी सहकार बुडणार.
शिव्या संपल्यावर त्यांना आण्णा आठवले.

बहिणीच्या हापशासाठी नाही. नोटीस आली म्हणून.

आण्णांनी एका फिटरला सोबत घेतलं. भंगारातले पाइप, जुन्या टाक्या, वाळूचे आणि कोळशाचे थर. वाफेचं पाणी गार करायचं, तेही आणि सांडपाणीही थरांतून गाळायचं आणि परत कारखान्यात फिरवायचं. दोन महिने माणूस धड घरी गेला नाही.

पहिला ग्लास भरून त्यांनी माझ्यापुढं धरला. "वास घिऊन बघा साहेब."

वास नव्हता. मी तीनदा टेस्ट केली, कारण माझाच विश्वास बसेना.

पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला. धरणात उरलेलं पाणी पिण्यासाठी राखीव झालं. आजूबाजूचे कारखाने पाण्यावाचून अर्ध्यात बंद पडले. आमचा शेवटपर्यंत चालला. तालुक्यातल्या कितीतरी ऊसतोड जोडप्यांना त्या साली परमुलखात जावं लागलं नाही.

ज्या नियमाने सहकार बुडणार होता, त्याच नियमाने कारखाना तरला.

मग अवॉर्ड. पर्यावरणपूरक कारखाना वगैरे. स्टेजवर चेअरमन, एमडी आणि एमडींच्या मिसेस. भाषणात "आमची दूरदृष्टी". आण्णांची त्या दिवशी ड्यूटी लावली होती.

नंतर पाऊस चांगला झाला. धरण भरलं. आणि यांनी प्लांट बंद केला.

मोटारींना वीज लागते, चार माणसं लागतात, आता पाणी आहे तर कशाला? प्लांटच्या बाजूने एक पाइप काढून पाणी बाहेरच्या नाल्यातून पुन्हा ओढ्यात सोडलं. मीटरचा सेन्सर नाल्यातून उचलला आणि स्वच्छ पाण्याच्या बादलीत ठेवला.

मंडळाच्या स्क्रीनवर सगळं झकास.
वस्तीच्या हापशाला पुन्हा तपकिरी पाणी.

पाणी तपासणीच्या रोजच्या रजिस्टरवर आण्णांनी सही करायला नकार दिला. एमडींनी मला बोलावलं.

मी सही केली.

कुणी बंदूक लावली नव्हती. कॉलनीतलं क्वार्टर जाईल एवढीच भीती. त्यानंतर रोज केली.

एके दिवशी सकाळच्या शिफ्टला, सगळ्यांदेखत, आण्णांनी सेन्सर बादलीतून काढून नाल्यात ठेवला आणि तिथंच उभे राहिले. सिक्युरिटीवाल्यानं उचलायला सांगितलं तर म्हणाले, "जिथं पायजे तिथं हाय त्यो."

दोन दिवसांत मंडळाची टीम आली. गाळप थांबलं. बैलगाड्यांची रांग लागली, ऊस वाळायला लागला. तेव्हा आपलीच माणसं आण्णांच्या दारात जाऊन ओरडली, तुमच्यामुळं आमचा ऊस गेला.

चेअरमनच्या दारात एकही माणूस गेला नाही.

टीमसमोर कारखान्याने सांगितलं, ऑपरेटरने मशीनशी छेडछाड केली, आमचं पाणी स्वच्छच होतं. पुरावा म्हणून माझ्या सह्यांचं रजिस्टर पुढं केलं. मी समोर उभा होतो. मान खाली.

आण्णांनी एकदा माझ्याकडं बघितलं.

त्यांना काढून टाकलं. प्लांट चार दिवस चालवून दाखवला आणि कारखान्याला परवानगी परत मिळाली. आता प्लांट फक्त तपासणी असली की चालतो.

किळस येते. चेअरमन-एमडींची येते. माझी जास्त येते.

मागच्या महिन्यात भेटायला गेलो. आण्णा अंथरुणावर. वाटलं, आज शिव्या देतील, बरं होईल. त्यांनी विचारलं,

"साहेब, औंदा वाळू धुतली का? न्हाई धुतली तर थर घट्ट बसतो."

मी म्हणालो, धुतली.

"मंग बरं हाय."

डोळे मिटून पडले. समाधान दिसत होतं चेहऱ्यावर. मी उठून आलो.

तुम्हाला काढल्यापासून ती वाळू कुणी धुतलेली नाही, आण्णा. शेवटच्या भेटीतही मी तुमच्याशी खोटंच बोललो.

रजिस्टरवरच्या सह्या माझ्या आहेत आणि आकडे खोटे आहेत, हे आज सकाळी मंडळाला लेखी कळवलंय. उशीर झाला. तुमची माफी मागायला तर फारच उशीर झाला.

या आता. नमस्कार, आण्णा.