करगोट्याची गाठ

नोव्हेंबरातला सोमवार, सकाळची फेरी. हजर: मी डॉक्टर, अतिदक्षता विभागाची सिस्टर, तीन नंबरच्या खाटेवर किन्हवलीकडचा तिशीतला एक मजूर, व्हेंटिलेटरवर, दाराबाहेर त्याची बायको आणि तिचा भाऊ.

शहापुरातल्या आमच्या लहानशा विभागात फेरीआधी मी कागदावर दोन रकाने आखते: नक्की काय, संशय कशाचा. नक्की एवढंच होतं, की ताप हटत नव्हता, रक्तदाब औषधावर टिकून होता, फुप्फुसं भरली होती आणि लघवी कमी होत चालली होती. मलेरिया नाही, डेंग्यू नाही. लेप्टो समजून दिलेलं अँटिबायोटिक लागू पडत नव्हतं. दुसऱ्या रकान्यात मी मेहुणा, म्हणजे बायकोचा भाऊ, लिहिला होता.

बायकोला काहीही विचारलं, तरी उत्तर तोच द्यायचा. "कायपण खाल्ला नाय, प्याला नाय. घरीच होता. ताप आला, आणला."

मी विचारलं नसताना हा खाण्यापिण्याचं का सांगतो? माझ्या मनात विषाची शंका आली. पण रुग्णाच्या तोंडाला वास नव्हता आणि डोळ्यांच्या बाहुल्या ठीक होत्या.

कारण सापडेना, तर अंग पुन्हा डोक्यापासून तपासायचं. कानामागे, काखा, मांड्या झाल्या. राहिली कंबर. अंगावर सूज चढल्यामुळे काळा करगोटा कातडीत रुतला होता. सिस्टरने कात्री काढली आणि ते मेहुण्याने काचेतून पाहिलं.

"करगोटा तोडतात गो! गेला तुझा नवरा!"

इकडे माणसाचा करगोटा तो गेल्यावरच तोडतात. बायको दार ढकलून आत आली.

"कधी गेला? कालच ना? मग ही मशीन कुणासाठी चालवताय? बिल वाढवायला?"

"छाती बघ, वरखाली होतेय."

"ती मशीन हलवते. फुगा पण हलतो."

मी सिस्टरला श्वासनळी साफ करायला सांगितलं. कफ ओढायची बारीक नळी आत जाताच तो खोकला, कपाळाला आठ्या पडल्या, हात वर यायला बघू लागला.

"मशीन खोकते का गं?" मी विचारलं.

सिस्टरने खाटेवर ठेवलेली कात्री उचलून बायकोने ट्रेमध्ये ठेवली. "मी सोडते. तुमी हात लावू नका."

गाठ तिने नखांनी सोडली. दोऱ्याखाली काळी खपली होती, विडीचा चटका बसावा तशी, भोवती लाल कडा. गवतातला अगदी बारीक किडा चावला की असा डाग पडतो. त्यातून येणाऱ्या तापाला स्क्रब टायफस म्हणतात, आणि आमचं चालू औषध त्यावर काम करत नाही.

"हा गवत कापायला गेला होता?"

"घरीच होता," मेहुणा दारातून म्हणाला.

"कुठं घरी रे दादा?" बायको वळली. "मुरबाडकडं माळावर तुझ्याच टोळीत होता ना? मुकादम झालास तर तोंडाला कुलूप घातलास काय?"

तो भिंतीकडे बघत म्हणाला, "केस झाली तर माझ्यावर येल. माणसं मी नेली होती."

रक्त ठाण्याला पाठवलं आणि अहवालाची वाट न बघता त्यावरचं डॉक्सीसायक्लिन सुरू केलं. बायको आता दाराबाहेर थांबायला तयार नव्हती. प्रत्येक डोसाआधी ती बाटलीचा फोटो काढायची. काढू दिला. आधी ताप उतरला, मग रक्तदाबाचं औषध बंद करता आलं, शेवटी नळीही काढली. तो घोगऱ्या आवाजात पाणी मागत होता, आणि ती त्याच्या तोंडाजवळ वाकून विचारत होती, "तूच बोलतोस ना रे?"

आता प्रश्न टोळीतल्या बाकीच्यांचा आहे. ती माणसंही त्याच गवतात राबली, तिथेच झोपली. ताप आहे का, अंगावर असा डाग आहे का, एवढंच विचारायचंय. आरोग्य केंद्राला कळवलं, तर ते म्हणाले, टोळी कुठे आहे ते सांगा. ती पुढच्या माळावर गेली आहे; कुठल्या, ते फक्त मेहुणा जाणतो. त्याच्याकडे मी रोज त्यांचे फोन नंबर मागते. "देतो ना बाई," म्हणतो, आणि मग विचारतो, "पण नावं घेऊन तुमी काय करणार?"

टोळीतल्या एकालाही अजून कुणी तपासलेलं नाही.