जावेच्या डब्यातला जुना चहा

अख्ख्या गल्लीले चहा पाजला मी, अन् नाव झालं माह्या कंजूष जावेचं. राम राम मंडळी.

मांगच्या वर्षी नातवानं पांढऱ्या चहाचे दोन पुडे आणले, एक मले, एक जावेले. चवीले निरं गवताचं पाणी लागे. मी दूध, साखर, अद्रक टाकून संपवला. तिनं डब्यात दाबून ठेवला.

आज तिच्याकडं तोच चहा प्याली. मधासारखी चव, खारकेचा वास. नातू म्हणे, "लहान आजी, आणखी दे." माह्या चहाले असं कधी म्हटलं नाही त्यानं.

जाऊ म्हणे, "बाई, ठेवलेली वस्तू गोड होते."

म्हटलं, "मंग तू काऊन नाही झाली?"

कोणत्या आजीचा चहा चांगला, ते नातवानंच इथं ग्रुपवर लिहावं. जावेनं मधात बोलू नये.