पडद्याकडे पाठ करून बसणाऱ्या अक्का

कर्नाटकातल्या हुमनाबादच्या वाचनालयात आमच्या समीक्षक मंडळाचा खेळ असला की अक्का पहिल्या रांगेच्या टोकाची लोखंडी खुर्ची उलटी फिरवून बसायच्या. तोंड लोकांकडे, पाठ पडद्याकडे. पिक्चर त्यांनी आधीच पाहिलेला असायचा. "अंधारात माणूस तोंड लपवत न्हाई, भाऊ," त्या म्हणायच्या. "म्हून म्या इकडं बघायलाव."

अक्का निर्णा गावच्या बौद्ध घरातल्या, निवृत्त शिक्षिका आणि आमच्या अध्यक्ष. मंडळ म्हणजे मराठी, कन्नड, उर्दू पेपरांत पिक्चरवर लिहिणारे आम्ही मूठभर लोक. वर्षाला एक पुरस्कार द्यायचो आणि त्यावरून कडाकडा भांडायचो, कारण जो तो आपल्याच भाषेचा पिक्चर पुढे रेटायचा. अक्कांनी नियमच केला: बाजू मांडायची ती दुसऱ्याच्या भाषेतल्या पिक्चरची. मत मग हवं त्याला द्या, पण कुणाचा हात कुठल्या पिक्चरला वर गेला हे दाराबाहेर जाता कामा नये. माझं मोडकंतोडकं कन्नड ऐकून कन्नड पेपरातले शिवप्पा पोट धरून हसायचे. पण त्या नियमापायीच मी कन्नड पिक्चर मन लावून बघायला लागलो.

एका वर्षी शेवटच्या दोन पिक्चरांत एक कन्नड होता आणि दुसरा मराठी, अक्कांच्या मुलाचा, मिलिंदचा. त्याचा पहिलाच. पुरस्कार मिळाला तर पुढच्या पिक्चरला पैसे घालायला कुणीतरी उभं राहील, एवढीच त्या पोराची आशा. "अक्का, औंदा तुम्ही बाहेर थांबा," शिवप्पा म्हणाले.

"कामून? नियम म्या केलाय. पोराचा पिक्चर आला म्हून पळून जाऊ व्हय?"

आणि त्या कन्नड पिक्चरवर अशा बोलल्या की आम्ही ऐकतच राहिलो. त्या पिक्चरला श्वास रोखून बसलेल्या माणसांनीच मिलिंदच्या पिक्चरला मोबाईल काढले होते, हेही त्यांनी सांगून टाकलं. "मैं तो छोकरे कू देने आया था," उर्दू पेपरवाले खाजाभाई पुटपुटले, "अक्का पलटा दिए." कन्नड पिक्चरला आमचे सगळ्यांचे हात वर झाले. मिलिंदच्या पिक्चरला एकच झाला. अक्कांचा.

भाषणाची बातमी मात्र बाहेर फुटली. "आईनंच माझा पिक्चर पाडला," म्हणत मिलिंद पुण्याला गेला तो दिवाळीलाही फिरकला नाही. मी म्हणालो, "अक्का, मताचं सांगून टाका की त्याला."

"न्हाई. नियम हाय." चष्मा पुसत म्हणाल्या, "चिडून दुसरा पिक्चर करायलाय म्हणं. करू द्या."

मला त्यांचा रागच यायचा. आईनं इतकं ताठ राहू नये.

गेल्या थंडीत अक्का गेल्या. शोकसभा त्याच वाचनालयात, भरदुपारी झाली. मिलिंद आला होता. भाषणं संपल्यावर त्यानं सगळ्यांसमोर मला विचारलं, "काका, तिला माझा पिक्चर शेवटपर्यंत आवडला न्हाई ना?"

मी नियम मोडला. "तुला एकच मत पडलं होतं, मिलिंद. ते तिचं होतं."

तो पहिल्या रांगेच्या टोकाला गेला, खुर्ची उलटी फिरवली आणि आमच्याकडे तोंड करून बसला. खिडक्यांतून लख्ख ऊन येत होतं, तरी आमच्यातल्या कुणीच तोंड लपवलं नाही.